व्यायामालाही मायबोली असते

गेल्या वर्षी आमच्या वाङ्मय मंडळात 'मला पडलेला एक प्रश्न' या विषयावर प्रत्येकाने दहा मिनिटे बोलायचे होते. कुणी बेकारीवर बोलले, कुणी परीक्षापद्धतीवर. एकाने तर कँटीनच्या चहावर बोलून टाळ्या मिळवल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "अमेरिकेतल्या हिस्पॅनिक समाजात मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या माणसांना त्यांच्या जगण्याला साजेसा व्यायाम का मिळू नये, हा माझा प्रश्न आहे." क्षणभर शांतता पसरली आणि मग मागच्या बाकांवरून हशा उसळला. त्या हशाचा मला राग नाही. कुठे अमेरिका, कुठे हिस्पॅनिक आणि कुठे आपले कला महाविद्यालय! पण अध्यक्षस्थानी असलेले सर मात्र हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, "व्यायाम म्हणजे व्यायाम. दंडबैठकांना कसली आली आहे संस्कृती? आपण मेक्सिकन आहोत की मराठी, हे स्नायूला काय ठाऊक?"

तेवढ्यात घंटा वाजली आणि माझे उत्तर तसेच राहून गेले. संपादकांनी या अंकासाठी लेख मागितला तेव्हा मनाशी म्हटले, आपले उत्तर आता इथेच द्यावे. सरांविषयी पूर्ण आदर ठेवून ते देत आहे.

हा प्रश्न मला दोन वाटांनी भेटला. माझी मावसबहीण, जिला मी ताई म्हणते, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात फिजिओथेरपिस्ट आहे. त्या शहरातले जवळजवळ दोनतृतीयांश लोक हिस्पॅनिक आहेत. साहजिकच तिच्याकडे येणारे बहुतेक रुग्ण मेक्सिकन वंशाचे असतात. दुसरी वाट आमच्या घरातूनच जाते. माझ्या आईला चार वर्षांपूर्वी हाच आजार असल्याचे निदान झाले.

आजाराविषयी थोडे सांगायला हवे. आपल्या मेंदूतून आणि मज्जारज्जूतून जाणाऱ्या तंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. विजेच्या तारेवर रबर असते, तसेच. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून त्या आवरणावर हल्ला करते. आवरण जागोजागी उखडते, तिथे कठीण व्रण उरतात आणि संदेश अडखळत जाऊ लागतात. कुणाची नजर अंधुक होते, कुणाचा पाय ओढला जातो, कुणाचा तोल जातो. आणि थकवा तर असा, की पाहणाऱ्याला दिसत नाही आणि सोसणाऱ्याला सांगता येत नाही. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे व्यवस्थित वर्णन केले. तो बहुधा विशीपासून चाळिशीपर्यंत, म्हणजे माणूस संसाराच्या आणि कामाच्या ऐन भरात असताना गाठतो. पुरुषांच्या सुमारे तिप्पट स्त्रियांना तो होतो. त्याला आवर घालणारी औषधे आता पुष्कळ आहेत, पण तो समूळ बरा करणारे औषध अजून नाही.

मग यात व्यायाम कुठे आला? त्याचाही एक इतिहास आहे. १८९० साली उटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आले की श्रम केल्यावर या रुग्णांची नजर काही वेळ मंदावते. खरे कारण श्रम नव्हते, श्रमाने वाढणारी शरीराची उष्णता होती, हे पुढे कळले. आवरण गेलेली तार तापली की संदेश आणखी अडखळतो आणि शरीर निवले की पुन्हा पूर्ववत होतो. म्हणजे हा त्रास तात्पुरता. पण त्याची धास्ती इतकी बसली की पुढे कित्येक दशके डॉक्टर या रुग्णांना 'विश्रांती घ्या, श्रम टाळा' असेच सांगत राहिले. माणसे खुर्चीत बसली. बसल्यामुळे स्नायू गेले आणि स्नायू गेल्यावर आजार वाढला असे सर्वांना वाटले!

हा समज मोडण्यात १९९६ सालच्या एका अभ्यासाचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात ५४ रुग्णांना घेऊन तो झाला. त्यातील एका गटाने १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटे व्यायाम केला. त्यांची ताकद आणि दम तर वाढलाच, पण मनाची उभारीही वाढली. पुढे अशा अभ्यासांची रीघ लागली. २०१३ साली कॅनडातील संशोधकांनी त्या सर्वांचा आढावा घेऊन सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या प्रौढ रुग्णांसाठी सोपा नियम सांगितला: आठवड्यातून दोनदा अर्धा तास दम वाढवणारा मध्यम व्यायाम आणि दोनदा ताकद वाढवणारा. व्यायामाने आजार बरा होत नाही, पण चालणे सुधारते, थकवा कमी होतो, मन सावरते. ज्या घरात हा आजार आहे त्या घराला विचारा, 'एवढेच' म्हणजे किती असते ते.

इथवर सर माझ्याशी सहमत होतील. वाद पुढे सुरू होतो.

हे अभ्यास झाले ते कोणावर? बहुतांशी गोऱ्या, शिकलेल्या आणि विद्यापीठाजवळ राहणाऱ्या माणसांवर. हा आजार गोऱ्यांचाच, अशी वैद्यकाची फार दिवसांची समजूत होती. त्यात थोडे तथ्य आहे, पण थोडेच. दक्षिण कॅलिफोर्नियातील एका मोठ्या पाहणीत, तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले, दर लाख लोकांमागे वर्षाला गोऱ्यांमध्ये ६.९, कृष्णवर्णीयांमध्ये १०.२ आणि हिस्पॅनिकांमध्ये २.९ नवे रुग्ण आढळले. २.९ हा आकडा लहान दिसतो खरा. पण २०२० च्या जनगणनेप्रमाणे अमेरिकेत हिस्पॅनिक लोक ६ कोटी २१ लाख आहेत. लहान दराला मोठ्या संख्येने गुणले की हजारो घरे होतात. शिवाय हिस्पॅनिक रुग्णांत हा आजार सरासरीने कमी वयात सुरू होतो, असेही आढळले आहे. आणि या हजारो घरांची वैद्यकाने दखल किती घेतली? २०१५ च्या सुमारास कुणी मोजदाद केली, तेव्हा या आजारावरील सुमारे ६०,००० लेखांपैकी हिस्पॅनिकांवर केंद्रित असे अवघे २३ निघाले. साठ हजारांत तेवीस!

आता ताईचा एक अनुभव सांगते. रुग्णाचे नाव ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. चाळिशीची एक बाई तिच्याकडे येत असे. नवरा घरांची छपरे घालण्याच्या कामावर, स्वतः हॉटेलातल्या खोल्या साफ करणारी, घरात तीन मुले आणि सासू. तिला आधीच्या ठिकाणी एक छापील कागद मिळाला होता. इंग्रजीत आणि मागच्या बाजूला स्पॅनिशमध्ये. आठवड्यातून तीनदा जिमला जावे, सायकलच्या यंत्रावर बसावे, जमिनीवर चटई टाकून अमुक करावे, असे त्यावर होते. दर भेटीत ती बाई मान डोलावून 'हो' म्हणे आणि करीत काहीच नसे. फाइलवर शेरा पडला होता, 'रुग्ण सहकार्य करीत नाही'.

ताईने एक दिवस तिला व्यायामाविषयी काही न विचारता तिचा दिवस कसा जातो ते विचारले. तेव्हा हळूहळू उलगडा झाला. डॉक्टरला तोंडावर 'नाही जमत' म्हणणे तिच्या रीतीत बसत नव्हते. मोठ्या माणसाचा मान राखायचा म्हणून ती 'हो' म्हणत होती. (आपल्याकडेही 'बरं डॉक्टर' म्हणून घरी येणारे थोडे का असतात?) दिवसभर खोल्या झाडल्या हाच आपला व्यायाम झाला, असे तिला वाटे. श्रम आणि व्यायाम यांत फरक असतो, एक अंग झिजवतो आणि दुसरा ते मोजूनमापून घडवतो, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. घरी मुले भुकेली असताना आईने स्वतःसाठी जिमला जाणे तिला स्वार्थीपणाचे वाटे. आणि थकून आडवी झाली की सासू तिला 'फ्लोहा' म्हणे. म्हणजे आळशी.

आणखी एक गोष्ट ताईने सांगितली, ती भाषेच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ऐकावी. त्या कागदाच्या स्पॅनिश बाजूवर वाचणाऱ्याला सर्वत्र 'तू' म्हटले होते. स्पॅनिशमध्येही आपल्यासारखे एकेरी 'तू' आहे आणि आदरार्थी 'उस्तेद' आहे. त्या बाईच्या घरी ज्याला त्याला 'तू' म्हणायची पद्धत नव्हती. कुणा परक्या कागदाने 'तू पाय उचल, तू हात ताण' असे दटावावे, हे तिला खटकले होते. इंग्रजीत एकच 'यू' असल्यामुळे भाषांतर करणाऱ्याला हा प्रश्न पडला नसावा. शब्द बरोबर, पण त्यातला माणूस हरवलेला. भाषांतर आणि जुळवणी यांतला फरक याहून सोपा करून सांगता येईल असे मला वाटत नाही.

ताईने पुढच्या वेळी त्या बाईच्या सासूला आणि थोरल्या मुलीला बरोबर बोलावले. हा थकवा आळस नसून आजाराचेच एक लक्षण आहे, हे सासूला स्पॅनिशमध्ये, 'उस्तेद' म्हणून, नीट समजावले. मग घरातल्याच गोष्टींचा व्यायाम बसवला. स्वयंपाकघरातल्या भक्कम खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि सावकाश बसणे, टेबलाच्या काठाला धरून टाचा उचलणे, अकॉर्डियनवर वाजणाऱ्या टेक्सासकडच्या 'कोन्हुंतो' संगीताच्या ठेक्यावर जागच्या जागी पावले टाकणे. सॅन अँटोनिओचा उन्हाळा आपल्या विदर्भाची आठवण करून देणारा. म्हणून वेळ भल्या पहाटेची, शेजारी गार पाण्याची बाटली आणि मानेवर ओला रुमाल. मुलीकडे वेळ मोजायचे काम आणि सासूकडे शेजारी उभे राहून सांभाळायचे. आईचा व्यायाम हे आता कुटुंबाचे काम झाले, तिचा एकटीचा स्वार्थ राहिला नाही.

त्या बाईची काठी सुटली का? नाही. पण कित्येक महिने लोटले तरी व्यायाम सुटलेला नाही, आणि फाइलवरचा तो शेराही आता गेला आहे.

आरोग्यविद्येचे अभ्यासक केन रेस्निको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली अशा जुळवणीचे दोन थर सांगितले. एक वरचा आणि एक आतला. चित्रात आपल्यासारखी दिसणारी माणसे घेणे, आपली भाषा आणि आपले संगीत वापरणे हा वरचा थर. आजाराविषयी, शरीराविषयी, घरातल्या कर्तव्यांविषयी माणूस काय मानतो हे ओळखून मांडणी करणे हा आतला थर. वरच्या थरामुळे माणूस दार उघडतो आणि आतल्यामुळे घरात घेतो, असे मी माझ्यापुरते समजून घेतले आहे.

याचे उदाहरण म्हणून शिकागोतला 'बायलामोस' हा कार्यक्रम सांगता येईल. बायलामोस म्हणजे 'आम्ही नाचतो'. डेव्हिड मार्केझ या प्राध्यापकांनी लॅटिन वंशाच्या वयस्कर माणसांसाठी, एका नृत्यशिक्षकाच्या साहाय्याने तो बसवला. मेरेंगे, चा चा चा, बचाता आणि साल्सा, आठवड्यातून दोनदा, चार महिने. तो मल्टिपल स्क्लेरोसिससाठी नव्हता. पण ज्यांना 'व्यायाम करा' म्हटले की कंटाळा येतो, ती माणसे नाचायला येतात, एवढे त्याने दाखवले. खुद्द या आजाराच्या रुग्णांनाही साल्सा शिकवून पाहिल्याचा एक लहानसा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांत त्यांचे चालणे आणि तोल यांत सुधारणा दिसली. माणसे मात्र अवघी आठ होती. त्यावर इमले बांधणे बरोबर नाही, पण पायवाट म्हणून तिकडे पाहायला हरकत नाही.

आता सरांच्या आक्षेपाकडे वळते. स्नायूला आपण मेक्सिकन की मराठी हे ठाऊक नसते, हे शंभर टक्के खरे आहे. पण सर, पहाटे उठून व्यायामाला उभा राहतो तो स्नायू नव्हे, माणूस उभा राहतो. औषधाची गोळी गिळली की ती आपले काम आपण करते. व्यायाम तसा नाही. तो रोज नव्याने करावा लागतो, आणि रोज करायची गोष्ट माणूस आपल्या रीतीभातीतूनच करतो. जो व्यायाम कागदावर उत्तम आहे पण कुणी करीत नाही, त्याचा गुण शून्य.

दुसरा आक्षेप माझ्या वर्गमैत्रिणीने घेतला आणि तो मला जास्त बोचला. ती म्हणाली, "हिस्पॅनिक म्हटले की साल्सा, हा तरी साचाच नाही का? उद्या मराठी म्हटले की सगळ्यांना लेझीम देतील." हे अगदी खरे आहे. 'हिस्पॅनिक' हा शब्द अमेरिकन सरकारने सोयीसाठी रूढ केला. त्या वंशाचा प्रश्न सर्वांना विचारला गेला तो १९८० च्या जनगणनेत. त्या एका शब्दात मेक्सिकन आहेत, पोर्तो रिकोचे आहेत, क्यूबाचे आहेत, साल्व्हादोरचे आहेत. साल्सा वाढला न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन आणि क्यूबन वस्त्यांत. सॅन अँटोनिओतल्या मेक्सिकन आजीला तो आपला वाटेलच असे नाही. शिवाय त्या समाजातले दोनतृतीयांश लोक आता अमेरिकेतच जन्मलेले आहेत आणि त्यांतल्या कित्येकांना इंग्रजीच सोयीची वाटते. कुणाला नाचायला आवडते, कुणाला धर्माच्या कारणाने चालत नाही, कुणाला पोहायचेच असते. म्हणून जुळवणी म्हणजे एक साचा मोडून दुसरा ओतणे नव्हे. तिची सुरुवात विचारण्यापासून व्हायला हवी. ताईने प्रथम नाच दिला नाही, तिने प्रथम 'तुमचा दिवस कसा जातो' हे विचारले.

तिसरा आक्षेप मी स्वतःच स्वतःवर घेते. संस्कृती संस्कृती म्हणून आपण गरिबीवर तर पांघरूण घालीत नाही ना? अमेरिकेत आरोग्यविमा नसलेल्यांचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा हिस्पॅनिकांत कितीतरी जास्त आहे. विमा नाही तर मेंदूतज्ज्ञाची भेट नाही, आणि तासावर पगार घेणाऱ्याला दवाखान्यासाठी रजा नाही. 'देवाची मर्जी' असे म्हणणारा रुग्ण दैववादी आहे की त्याच्यापुढे दुसरी वाटच ठेवलेली नाही, हे तपासल्याखेरीज त्याच्या संस्कृतीला दोष देणे हा अन्याय आहे. म्हणून मी म्हणते, ठेक्यावरची पावले हा औषधाला, विम्याला किंवा रजेला पर्याय होऊ शकत नाही. तसा तो कुणी देऊ लागला तर त्याला विरोधच केला पाहिजे. पण उद्या सर्वांना विमा मिळाला, तरीही हातात पडणारा कागद 'तू पाय उचल' असेच म्हणत असेल, तर तो कागद फडताळातच जाणार.

फडताळ म्हटल्यावर घरची गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या आईलाही असाच एक इंग्रजी कागद मिळाला होता. त्यावर तंग पँट घातलेली एक सडपातळ बाई चटईवर पाय वर करून पडली होती. आईने तो फडताळात वर्तमानपत्राच्या घडीखाली ठेवून दिला होता. आम्ही तिला दोन वर्षे रागावत राहिलो. "आई, तू स्वतःसाठी एवढंही करत नाहीस!" हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन! ताईने त्या मेक्सिकन बाईची गोष्ट सांगितली त्या रात्री मला झोप आली नाही. तिच्या सासूच्या तोंडी जो 'फ्लोहा' होता, तो आमच्या घरात माझ्या तोंडी होता.

दुसऱ्या दिवशी मी आईला पहिल्यांदा विचारले, "तुला त्या कागदातलं काय आवडत नाही?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "अगं, जमिनीवर बसले तर उठता येईल का, याचीच भीती वाटते. आणि बाबांसमोर, भावजींसमोर असे पाय वर करून कशी पडू?" दोन वर्षांत हे आम्हाला कळले नव्हते, कारण आम्ही विचारलेच नव्हते. आता ताईने व्हिडिओ कॉलवर पाहून, इथल्या डॉक्टरांच्या संमतीने, तिला खुर्चीवरचा आणि खिडकीचा गज धरून करायचा व्यायाम बसवून दिला आहे. पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत, दार लोटून, रेडिओवर भक्तिगीते चालू असताना ती तो करते. मी शेजारी उभी असते. कधी चुकतेही. पण कागद फडताळातून निघाला आहे, आणि तो आता माझ्या हस्ताक्षरात, मराठीत आहे.

मित्रहो, वैद्यकाचे काम वैद्यकाने करावे हे खरे. पण हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. 'तू' कुठे आणि 'आपण' कुठे हे भाषेचा विद्यार्थी ओळखतो, घरातली कामे आणि मानपान समाजशास्त्राचा विद्यार्थी ओळखतो, थकलेल्या पावलांना कुठला ताल उचलून धरतो हे संगीताचा विद्यार्थी ओळखतो. कला शाखेला येऊन पुढे काय करणार, असे आपल्याला नेहमी विचारले जाते. एखाद्या सरकारी दवाखान्यातला एक कागद जरी आपण माणसाच्या भाषेत लिहून दिला, तरी ते उत्तर कमी नाही.

आणि सर, आपली क्षमा मागून एवढेच म्हणते, की स्नायूला भाषा नसते हे मला मान्य आहे. पण 'ऊठ' हा शब्द त्याला कुणीतरी कुठल्यातरी भाषेतच सांगावा लागतो.

— तृतीय वर्ष, कला